हवा जाते कुठून?

डिसेंबरातली सकाळ, बुऱ्हाणपूरला आत्याच्या दारात. गाडी रात्रभर गल्लीत उभी होती. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर आलो, तर आतेभाऊ मागच्या डाव्या चाकासमोर उकिडवा बसलेला.

"दादा, हे बसल्यासारखं वाटतंय."

"थंडी आहे रे," मी म्हणालो. "काल दुपारीच रावेरला चारही चाकांत तेहतीस भरून घेतली."

हे बोलताना मला आतून ठाऊक होतं की हे चाक पहिल्यांदा बसलेलं नाही. महिन्यापूर्वी त्यात खिळा निघाला होता. एका दुकानात पंक्चर काढून घेतलं होतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा हवा भरावी लागे, मग चार दिवसांनी, आणि आता एका रात्रीत. प्रत्येक वेळी पंपावरचा पोरगा विचारायचा, "फक्त हवाच ना?" आणि मी "हो, हवाच" म्हणून पुढे निघायचो. हळू जाणारी हवा माणसाला आळशी करते. टायर फुटला तर गाडी थांबवावीच लागते. रोज तीन-चार पॉइंट (म्हणजे पीएसआय) जात असतील तर भरत राहता येतं.

आतेभावानं घरातून गेज आणलं आणि चारही चाकं मोजली. तीन चाकांत २९ आली, मागच्या डाव्यात २५. या चार आकड्यांत निम्मं निदान झालं होतं. एकच चाक मोजलं असतं तर तेहतीसची पंचवीस झाली, म्हणजे रात्रीत आठ गेली, असा घाबरवणारा हिशेब निघाला असता. पण बाकीच्या तीन चाकांतूनही प्रत्येकी चार गेलेच होते, आणि त्यांना कुठेही भोक नव्हतं. ते चार थंडीनं घेतले. गळती उरलेल्या चारांची.

थंडी हवा खाते म्हणजे काय? टायरमधली हवा तेवढीच राहते, तिचा जोर कमी होतो. काल रावेरला पोचेपर्यंत चाकं रस्त्यावर धावून तापलेली होती. आतली हवा सहज ४० अंशांवर असेल. पहाटे बुऱ्हाणपुरात १२ अंश. गेज आपल्याला बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतं. खरा दाब काढायचा तर त्यात वातावरणाचे १४.७ पॉइंट मिळवावे लागतात. तेहतीसमध्ये ते मिळवले की ४७.७. आता तापमान शून्याखाली २७३ अंशांपासून मोजायचं, म्हणजे ३१३ वरून २८५ वर उतरलेलं. त्याच प्रमाणात दाबही उतरतो आणि ४३.४ होतो. वातावरणाचे १४.७ वजा केले की गेजवर २८.७ दिसतात. आमची तीन चाकं २९ दाखवत होती. शाळेतलं पदार्थविज्ञान इतकं नेमकं दारात येऊन उभं राहिलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

म्हणूनच हवा थंड चाकात मोजायची असते. सकाळी, गाडी काढण्याआधी, किंवा पंप दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर तिथे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं जो आकडा छापलेला असतो तो थंड चाकाचा असतो. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते. आणि निमाड-खानदेशच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, तापलेल्या चाकात आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: सोडू नका. चाक थंड झालं की तेच चाक कमी हवेचं होईल.

कमी हवेचं एवढं काय घेऊन बसायचं, असं कुणी विचारेल. एक साधा हिशेब करू. गाडी माणसांसकट १२०० किलोची धरली तर प्रत्येक चाकावर ३०० किलो. तेहतीस पॉइंट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. म्हणजे चाक जमिनीला साधारण १३० चौरस सेंटिमीटर टेकतं, एका तळहाताएवढं. असे चार तळहात आणि त्यांच्यावर सगळं घरदार. हवा पंचवीसवर आली की तेच वजन पेलायला १७० चौरस सेंटिमीटर लागतात. टायर पसरतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात. एखादी तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती गरम होते, तसंच इथे होतं. ऐंशीच्या वेगात चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात, आणि एके दुपारी महामार्गावर ते चाक फुटतं. लोक म्हणतात, उन्हानं फुटलं. उन्हाचा वाटा असतोच. पण बऱ्याचदा त्या चाकाची हवा काही आठवड्यांपासून थोडी थोडी जात असते.

धाग्यांचं म्हटलं ते बुऱ्हाणपुरात लगेच कळतं. इथे गल्लोगल्ली पॉवरलूम खडखडतात. टायर म्हणजे काळं रबर असं आपण समजतो, पण रबराच्या आत पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. वजन पेलते ती हवा. त्या हवेला आकारात धरून ठेवतात ते हे धागे. रबर या दोघांना झाकतं आणि रस्त्याला घट्ट धरतं.

आणि हवा आत कोंडून ठेवायचं काम ट्यूबलेस टायरमध्ये सगळ्यात आतला एक पातळ थर करतो. तो ब्यूटाइल जातीच्या रबराचा असतो. अमेरिकेत स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी हे रबर १९३७ मध्ये तयार केलं. नैसर्गिक रबरातून हवा बऱ्यापैकी झिरपते, ब्यूटाइलमधून फारच कमी. तरीही झिरपतेच. धडधाकट, बिनभोकाच्या टायरमधूनही महिन्याला एक ते दोन पॉइंट जातात. सहा महिने गेज न लावणाऱ्या माणसाच्या चाकात दहा पॉइंट कमी निघाले, तर त्याला गळती म्हणू नये. तो मालकाचा विसराळूपणा.

तेव्हा पहिला प्रश्न हवा जाते का हा नसतो, किती वेगानं जाते हा असतो. महिन्याला दोनपर्यंत असेल तर भरा आणि विसरा. आठवड्याला दोन-तीन जात असतील तर व्हॉल्व्ह, रिमची कड किंवा जुन्या पंक्चरची पट्टी यांच्यावर संशय घ्या. रात्रीत चार-पाच जात असतील तर त्याच दिवशी चाक खोलून घ्या. माझं चाक दुसऱ्या वर्गातून तिसऱ्या वर्गात पोचलं होतं आणि मी दुसऱ्यात असताना पंपावर फेऱ्या मारत होतो.

डोळ्यांवर विसंबू नका, हेही इथेच सांगून टाकतो. आजच्या रेडियल टायरच्या बाजू मऊ असतात, पूर्ण हवेतही खाली थोडं पोट सुटल्यासारखं दिसतं. तेहतीस आणि सत्तावीस यांत नजरेला फरक कळत नाही. नजरेला कळतं तेव्हा वीसच्या जवळ गेलेलं असतं, किंवा आतेभावासारखी तयार नजर लागते. त्याची निम्मी जिंदगी केळीच्या गाड्यांमागे गेली आहे. ट्रकवाल्यांची अडचण याहून मोठी. मागे जोडचाकं असतात. आतलं चाक बसलं तरी बाहेरचं वजन उचलून धरतं आणि दिसत काहीच नाही. म्हणून केळीच्या गाडीचा ड्रायव्हर निघण्याआधी हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन चाकाचाकावर ठोकत फिरतो. भरलेलं चाक टणकन वाजून टॉमी परत फेकतं, बसलेलं चाक भद्द करतं. कानानं हवा मोजायची ही पद्धत ढोबळ आहे, पण आतलं चाक तिच्यातून सुटत नाही.

नाश्ता झाल्यावर चाकात हवा भरून आम्ही इंदूर-इच्छापूर रस्त्यावरच्या एका टपरीवर गेलो. टायरांची चवड, कॉम्प्रेसर, आणि अर्ध्यातून कापलेल्या ड्रममध्ये काळपट पाणी. साठीचा माणूस. त्यानं चाकाला हात लावण्याआधी विचारलं, "भाऊ, हवा एकदम जाते का हळूहळू? उभ्या गाडीत जाते का चालत्या?" आणि मग, "आधी कुणी हात लावलाय?"

डॉक्टरनं विचारावेत तसे प्रश्न, आणि तिन्ही कामाचे. खिळा रुतलेला असेल आणि चाक नेमकं त्याच्यावर उभं असेल तर भोक दाबलं जातं, हवा टिकते. तोच खिळा वरच्या बाजूला राहिला की सुटते. म्हणजे एक रात्र चाक छान राहिलं म्हणून ते बरं झालं असं होत नाही.

आधी त्यानं व्हॉल्व्हची टोपी काढली, बोट जिभेला लावलं आणि ओलं बोट व्हॉल्व्हच्या तोंडावरून फिरवलं. थुंकीचा पापुद्रा फुगतो का ते बघायचं. फुगला नाही. व्हॉल्व्हच्या आत एक बारीक स्प्रिंगची पिन असते, शाईपेनच्या निबाहून लहान. हवा भरताना ती दबते, नळी काढली की आतल्याच दाबानं बंद होते. ऑगस्ट श्रेडर या जर्मनीतून न्यूयॉर्कला गेलेल्या कारागिराच्या कंपनीनं ही तऱ्हा १८९० च्या दशकात आणली आणि अजून जगभर तीच चालते. पिन ढिली झाली किंवा तिच्या रबरात धूळ बसली की हवा सुटते. पिन थोड्याशा पैशांत बदलून मिळते. व्हॉल्व्हची रबरी दांडी मात्र उन्हानं तडकते. ती बोटानं वाकवून बघावी, बुडाशी भेगा दिसतात. नवा टायर घालताना व्हॉल्व्हही नवा घालून घ्यावा. टोपी हरवली तर लगेच दुसरी बसवावी, कारण धुळीला अडवणारी तीच.

मग चाक काढून ड्रममध्ये. जुन्या पंक्चरच्या जागी बुडबुडे येतील अशी माझी खात्री होती; त्या आधीच्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दोन शब्द बोलूनही झालो होतो. ती जागा पाण्याखाली गेली आणि काहीच झालं नाही. पट्टी घट्ट होती. त्यानं चाक आणखी फिरवलं, थांबवलं, पाणी संथ होऊ दिलं. मग रिमच्या कडेला, टायर जिथे लोखंडाला चिकटतो तिथे, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक वर यायला लागले. एकाच जागेवरून, एका ओळीत.

"खिळ्याचं नव्हतं हे, भाऊ," तो म्हणाला. "हे कडेचं आहे."

ट्यूबलेस टायर रिमला चिकटवलेला किंवा बांधलेला नसतो. टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं, मेकॅनिक त्याला बीड म्हणतात, आणि आतल्या हवेच्या दाबानं ते रिमच्या खाचेत घट्ट बसतं. तेवढ्यावर सगळी हवा थांबलेली असते. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीनं १९४७ मध्ये ट्यूबलेस टायर जाहीर केला, त्याचीही भिस्त याच जोडावर होती. आता त्या खाचेत गंज चढला, जुन्या रबराचा चुरा अडकला किंवा खड्ड्यात आपटून रिमची कड चिमटभर आत गेली, की केसाएवढी वाट उघडते. थंडीत रबर ताठरतं आणि तीच वाट जास्त उघडी पडते. माझी गळती डिसेंबरातच का वाढली याचा उलगडा झाला.

त्यानं टायर रिमवरून उतरवला. खाचेत गंजाचे पोपडे होते. तारेच्या ब्रशनं, मग पॉलिश पेपरनं तो बराच वेळ घासत राहिला. टायरची कड फडक्यानं पुसली, तिच्यावर काळं सीलर लावलं. टायर चढवून हवा भरली तेव्हा दोन्ही कडा खाचेत बसल्याचा ठाप-ठाप आवाज आला. पुन्हा ड्रम, पुन्हा संथ पाणी. यावेळी काही नाही.

माझी चूक कुठली होती ती इथे कळली. पहिल्यांदा खिळा सापडला म्हणून शोध थांबला. खिळा खरा होता, त्याचं भोकही नीट बुजवलं होतं. पण त्याच चाकाला दुसरी वाट होती आणि कुणी पुढे बघितलंच नाही. पंक्चर काढून झाल्यावर चाक पूर्ण एक फेरा पाण्यातून फिरवून घ्या. दुकानात ड्रम नसेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी पुरतं: व्हॉल्व्हवर, नक्षीवर, दोन्ही कडांवर ओता आणि दोन मिनिटं घाई न करता बघा. रिमची आतली कड घरी दिसत नाही, तिथेच गळती असेल तर चाक काढावंच लागेल.

टायर उघडाच होता म्हणून मी त्याला आत हात फिरवून बघायला सांगितलं. कमी हवेवर चाक फार धावलं असेल तर आतल्या बाजूला काळी भुकटी सापडते. बाजू आतून घासून झालेला तो चुरा असतो. ती दिसली तर टायर बाहेरून कितीही नवा दिसो, तो संपला. पंक्चर काढणं म्हणजे अशा टायरवर पैसे वाया घालवणं. माझ्या नशिबानं भुकटी नव्हती.

खिळ्याबद्दल थोडं. रस्त्यात चाकात खिळा किंवा स्क्रू दिसला तर तो उपटू नका. तोच बूच असतो. हवा भरा, सावकाश जवळच्या दुकानात न्या. भोक नक्षीच्या पट्ट्यात आणि सहा मिलिमीटरच्या आत असेल तरच दुरुस्ती टिकते. बाहेरून कोंबतात ती चिकट पट्टी कामचलाऊ आहे, कित्येकांची वर्षभर चालते हे खरं; पण टायर काढून आतून लावलेला मशरूम पॅच हा पक्का इलाज, कारण तो भोकही भरतो आणि आतला ब्यूटाइलचा थरही बुजवतो. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर कुणी कितीही छातीठोकपणे सांगो, दुरुस्ती करू नका. तिथे पोलादी पट्टा नसतो आणि सगळं वाकणं तिथेच होतं.

नायट्रोजनचं विचाराल तर पैसे वाचवा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सनं वर्षभर टायर उभे ठेवून मोजलं तेव्हा तीस पॉइंटमधून साध्या हवेचे ३.५ गेले आणि नायट्रोजनचे २.२. फरक सव्वा पॉइंटचा, तोही वर्षाला. गळक्या कडेतून तर दोन्ही सारख्याच आनंदानं बाहेर पडतात.

चाक बसवून आम्ही दुपारी कुंडी भंडाऱ्याला गेलो. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान इथला सुभेदार असताना तबकतुल अर्ज या इराणी जाणकारानं ही पाणीपुरवठ्याची रचना आखली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे सरकतो. वाटेत भुयार खोदून ते पाणी अडवलं आणि विहिरीसारख्या शंभरच्या वर कुंड्या त्या भुयारानं जोडल्या. लिफ्टनं ऐंशीएक फूट खाली उतरलं की भिंती पाझरताना दिसतात. थेंब मोजता येतील इतका सावकाश पाझर, आणि त्यावर शहराची तहान भागली. आतेभाऊ भिंतीला ओला हात लावून म्हणाला, "यांची गळती कामाची निघाली, दादा." मी काही बोललो नाही.

परतताना ठरवलं की डिकीतल्या चाकाकडेही बघायचं. आपण त्याला स्टेपनी म्हणतो, तो शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात केली आणि त्यांच्या दुकानाच्या रस्त्याचं नाव आपल्या गाड्यांत येऊन बसलं. इंग्लंडात हा शब्द कधीच मागे पडला. आपल्याकडे पानटपरीवरच्या पोरालाही कळतो. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनीतून सूट दिली. असीरगडच्या घाटात रात्री टायर बसलेल्या माणसाला ती सूट फारशी आवडणार नाही असं माझं मत आहे.

पण स्टेपनी असून उपयोग काय, तिच्यात हवा नसेल तर? डिकीत पडून राहिली तरी तिच्यातूनही महिन्याला एक-दोन पॉइंट झिरपतातच, आणि तिच्याकडे बघायला कुणी उकिडवं बसत नाही. आज गाडी दारात लावलीत की सामान बाजूला करून तिला गेज लावा. माझ्या स्टेपनीत त्या दिवशी १४ निघाली.